डावं चाक स्वच्छ राहिलं

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही चौघी शिक्षिका इंदिरानगरहून हरसूलच्या शाळेत रोज जाऊन-येऊन करायचो. गाडी माझी आणि चालवणारीही मीच. बाकी तिघी पेट्रोलला हातभार लावायच्या आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवायच्या. मी विज्ञान शिकवायचे. तपासल्याशिवाय काही मान्य न करण्याची सवय त्यामुळे लागली, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे ती लहानपणापासूनच होती.

गाडी जुनी घेतलेली होती, पण आधीच्या मालकाने तिला चकचकीत अलॉय व्हील बसवली होती. माझे यजमान त्या चाकांवर खूष. रविवारी बादली आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचे. रोज घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड झिजतात आणि त्यांची काळी पूड पुढच्या चाकांवर बसते. ती साबणाला दाद देत नाही.

"अगं, तू ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतेस का?"

"अहो, मग घाटात पाय कुठे ठेवू? डॅशबोर्डवर?"

पॅड बदलायची वेळ आलीच होती. यजमान कुठून तरी ऐकून आले की आता कमी धुळीचे पॅड मिळतात, चाकं काळी होत नाहीत. मला ते पटेना. ब्रेक म्हणजे घासणं. ज्याची पूड पडत नाही ते घासत तरी असेल का? आणि घासत नसेल तर चार बायका घेऊन घाटात गाडी थांबवणार कोण?

द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी जाताना शाळेच्या प्रयोगशाळेतलं लोहचुंबक पर्समध्ये टाकून नेलं. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एकात नेहमीचे पॅड, दुसऱ्यात कमी धुळीचे. नेहमीच्यात लोखंडाचा कीस असतो म्हणून काळी पूड पडते, दुसऱ्यात तो नावाला असतो, असं त्याचं म्हणणं. मी चुंबक काढलं. पॅडच्या पाठीला पत्रा असतो, तिथे ते दोन्हींना चिकटलं. घासणाऱ्या बाजूला मात्र नेहमीच्या पॅडवर घट्ट बसलं आणि दुसऱ्यावरून घरंगळलं.

"मॅडम, ब्रेक पॅड आहेत हे. शालू घ्यायला आल्यासारखं काय बघताय?"

"शालू फाटला तर घाटातून खाली जात नाही कोणी. याचा दोष काय ते सांगा."

तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "सकाळी गार असताना पहिले दोन-तीन ब्रेक जरा जोरात दाबावे लागतील. नंतर काही नाही."

मालाचा दोष कबूल करणाऱ्या दुकानदाराचा मला जास्तच संशय येतो. पण चुंबकाने खोटं सांगितलं नव्हतं, खोक्याचं सील शाबूत होतं आणि माझ्या गाडीचं मॉडेल खोक्यावरच्या यादीत होतं. घेतले.

गॅरेजवाल्याने माझ्यासमोरच बसवायचे, ही माझी अट. खोकं मी उघडलं, पॅड मी मोजून दिले, जुने चारही परत मागितले. उजव्या चाकातले दोन पार पातळ झालेले. डाव्या चाकातले चांगले जाड. माझ्या डोक्यात लगेच आलं, याने कोणाचे तरी दुसरेच पॅड माझ्या हातात दिले.

"हे माझे नाहीत."

"ताई, तुमच्याच गाडीतनं काढले. तुमच्या डोळ्यांदेखत."

डावे काढले तेव्हा मी उजव्या चाकाकडे बघत होते, हे मला ठाऊक होतं. त्यालाही असणार. तो डाव्या चाकाशी झटत होता. नवा पॅड बसवायला आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो, तो जाईना.

"ताई, इकडचा लय कडक हाय. दट्ट्या बसतो तो कॅलिपर खोलून बघू का? अर्धा दिवस लागंल."

आता कळलं, म्हटलं मनात. आधी पॅड, मग कॅलिपर, मग सगळी गाडी. "पॅड बदलायचं ठरलंय, तेवढंच करा."

त्याने लांब पाना लावून दट्ट्या मागे रेटला आणि चाक बसवलं.

दोन-तीन आठवडे गेले. एका रविवारी यजमानांनी मला अंगणात बोलावलं. डावं चाक आरशासारखं लखलखत होतं. "बघ! आता बोल!" मी उजवं पाहिलं. त्याच्यावर करडी धूळ होती. थोडीच, पण होती. एकाच खोक्यातले पॅड, एकच रस्ता. यजमान म्हणाले, उजवी बाजू रस्त्याच्या मधे असते म्हणून. मला ते कारण पोकळ वाटलं, पण माझा संशय पुन्हा दुकानदाराकडेच गेला. एक जोडी खरी आणि एक नकली दिली असणार. चुंबक तर मी त्या खोक्यातल्या एकाच पॅडला लावलं होतं.

त्या आठवड्यात हरसूलचा बाजार होता. सकाळी उतारावर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई अचानक रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबताना उजवीकडे ओढली गेली, समोरून येणाऱ्या जीपच्या बाजूला. जीपवाला हॉर्न आणि शिव्या देत निसटला.

"बाई, स्टेअरिंग तुमच्याच हातात आहे ना?" मागून गणिताच्या बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

उतार संपल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेला. उजवं तव्यासारखं तापलं होतं. डावं सावलीत उभ्या गाडीचं असावं तसं गार. ते काही काम करत नव्हतं, म्हणूनच स्वच्छ होतं. गेले किती दिवस मी चौघींना पुढच्या एकाच चाकाच्या ब्रेकवर खाली उतरवत होते, कोण जाणे. जाड पॅड, कडक दट्ट्या, सगळं मी बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी कोणीतरी फसवतंय एवढंच त्यातून काढलं होतं.

"संध्याकाळी तुम्ही एसटीने जा," मी तिघींना सांगितलं. शाळेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेले, संध्याकाळी तशीच एकटी वर आले आणि थेट गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्याने चाक काढलं, कॅलिपर खोलला आणि गंजलेला दट्ट्या माझ्यापुढे धरला. "आधी अर्धवट चालत व्हता. आता पार अडकून बसला."

"तुम्ही म्हणाला होतात."

"म्हटलं व्हतं."

"मीच नको म्हणाले."

"व्हय," एवढंच म्हणून तो कामाला लागला. चांगला अर्धा तास मला बसायलाही सांगितलं नाही. पॅडमध्ये काही दोष नव्हता. तेच पुन्हा बसवले.

दुसऱ्या दिवशी मी तिघींना सगळं सांगितलं, गॅरेजवाल्याला मी थांबवलं होतं हेसुद्धा. दोघी "जाऊ द्या हो बाई" म्हणून गाडीत बसल्या. गणिताच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला सांगितलेलं होतं?"

"हो."

त्या दिवशी त्या एसटीने गेल्या. पुढचे आठ दिवसही. त्यांच्या घरी दोन लहान मुलं होती, माझं बोलण्यासारखं काही नव्हतं. नवव्या दिवशी नेहमीच्या कोपऱ्यावर उभ्या दिसल्या. मी गाडी थांबवली. त्या पुढून वळसा घालून आल्या, माझ्या देखत वाकून पुढच्या दोन्ही चाकांवरून बोट फिरवलं, दोन्हींची धूळ बोटावर आलेली पाहिली आणि मग दार उघडून मागे बसल्या.