टाइल्सखालचं चेंबर

जळगावात पाइप बनतात आणि देशभर जातात. पण त्याच गावात तुंबलेला पाइप मोकळा करणारा माणूस शोधायचा तर नाकी नऊ येतात. सगळे विचारतात, "ओळखीचा आहे का?" काम येतं का, हे कोणी विचारत नाही.

त्या मे महिन्यात आई माझ्याकडे होती. शिंदखेड्याकडच्या गावी ती एकटी राहायची. खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून तिला इथे आणलं. जिना चढायला बंदी आणि खालचं संडास-बाथरूम तुंबलेलं. मग खोलीतच खुर्ची, खाली भांडं, आणि मी तिला धरून उभी. आई तेवढा वेळ तोंडावर पदर ओढून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं.

पहिले महाशय आमच्या ह्यांच्या मित्राचे खास. इस्त्रीचा शर्ट, कानाला मोबाइल. अ‍ॅसिडची बाटली ओतून "संध्याकाळपर्यंत मोकळं होईल" म्हणाले आणि गेले. संध्याकाळी फोन उचलला नाही. दुसऱ्याने म्हणे हायप्रेशर मशीन आणलं. म्हणजे गाड्या धुवायचा फवारा. बाथरूमच्या जाळीतून नळी घालून त्याने दाब सोडला. पुढे वाटच नव्हती, पाणी उलटं आलं. घाण भिंतीवर, आरशावर, आईच्या नव्या वॉकरवर. "लाइनच जुनी आहे," अशी अक्कल पाजळून तोही चालता झाला.

शेवटी भावाने धुळ्याहून एकाला पाठवलं. तोही काही साधुसंत नव्हता. गाल गुटख्याने फुगलेला, बोलणं उर्मट. पण आल्या आल्या त्याने विचारलं, "चेंबर कुठंय?"

"चेंबर नाहीये," हे म्हणाले.

"मग घाण काय आभाळात जाते?"

आमच्या कॉलनीत चेंबरची लाज वाटते. दारापुढे झाकण दिसलं तर पाहुणे काय म्हणतील. म्हणून वास्तुशांतीआधी ह्यांनी त्यावर चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या. आता त्याच जागेवर उभे राहून म्हणतात, "फोडू नका, तशा परत मिळणार नाहीत." स्वतःच्या सासूबाई भांड्यावर बसतात ते ह्यांना चालत होतं, टाइल फुटलेली चालत नव्हती. मला इतकी किळस आली की मीच पहार आणून त्या माणसाच्या हातात दिली.

झाकण निघालं. टाइल्सवाल्यांनी उरलेलं सिमेंट आत लोटलं होतं आणि घाण त्यालाच अडली होती. त्याने तो गोळा फोडून काढला, चेंबरमधून दोन्हीकडे आपल्या मशीनची नळी घालून दाबाचं पाणी मारलं, आणि लाइन मोकळी झाली. हे शेजाऱ्यांना सांगत होते, "ह्याचं मशीन चांगलं होतं."

मी बाथरूम घासून धुतलं आणि आईला दारापर्यंत आणलं. तिच्यामागे मीही आत शिरायला लागले, तशी ती थांबली आणि मला परत पाठवत तिच्या अहिराणीत म्हणाली,

"आते तू जाय व बाई."

कडी लावू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने दार ओढलं आणि आतून कडी लावली. मी बाहेरच थांबले.