शेटेबाईंनी एकाला नापास केलं

दर वर्षी कॉलेज उघडलं की पहिल्याच दिवशी शेटेबाई सगळ्या शिकाऊ मास्तरांना छडी मारायच्या. मिशीवाले, लग्न झालेले बाप्ये हात पुढं करून रांगेत उभे राहायचे. बायकाही. बाई उदगीरकडच्या, कानडी येणाऱ्या. आधी कानडीतले आकडे शिकवायच्या, मग तळहातावर सणसणीत एक ओढायच्या आणि लगेच म्हणायच्या, "बोल आता आकडे." कुणालाच धड यायचे नाहीत. "आकडे आठवत होतास का हात चोळत होतास? पोरगंही हातच चोळतं." मग ती छडी माझ्या चुलीत. मी त्या बी.एड. कॉलेजच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होते, चौथी शिकलेली. आधी मला वाटलं, प्राचार्य म्हणून आणलेली ही बाई सटकलेली आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाणी आलं नाही. टँकरपाशी बायका घागरींनी एकमेकींची डोकी फोडायच्या. आमच्या कॉलेजची ख्याती अशी, की नाव घातलं की माणूस पास. इथून बाहेर पडलेल्या मास्तरला शिकवण्यापेक्षा बडवणं चांगलं जमायचं. बाईंनी ते मोडायला घेतलं. सरावपाठाला शाळेत गेलेल्यानं पोराला हात लावला, की त्याचा पाठ रद्द.

दिलीप संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. त्याच्या पाठाच्या वेळी वर्गातल्या माठातलं पाणी एका पोरीनं न विचारता घेतलं. शेवंता तिचं नाव, आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. दिलीपनं लाकडी डस्टर तिच्या कानशिलावर हाणला. मी शिकाऊ मास्तरांचे डबे घेऊन तिथं गेले होते. पोरीच्या कानातून रक्त आलं, ते माझ्या पदराला पुसत मीच तिला दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला होता.

बाईंनी दिलीपला नापास ठरवलं. म्हणजे त्याची मास्तरकी गेली. अध्यक्ष धावत आले. जिल्हा नवा, कॉलेजला एम.एड.चा वर्ग मंजूर व्हायची वेळ, त्यात घरचाच पोरगा नापास झाला तर संस्थेचं नाक कापलं जाईल, असं बरंच बोलले. मी चहा घेऊन उभी होते.

बाई म्हणाल्या, "अण्णासाहेब, त्याला दुकान घालून द्या, शेत द्या. वर्ग मी देणार नाही."

त्याच आठवड्यात भर दुपारी दिलीप दोघांना घेऊन स्वयंपाकघरात घुसला. बाई जेवत होत्या. एकानं केस धरून त्यांना पाटावरून ओढलं, दिलीपनं लोखंडी पाइप घातला. उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी चुलीवरचं आमटीचं पातेलं उचललं आणि त्याच्या पाठीवर उपडं केलं. तिघंही बोंबलत पळाले. बाई भिंतीला टेकल्या, तोंड पांढरंफटक. पहिलं बोलणं काय, तर, "मावशी, तू पण मारलंसच."

"हाव, मारलं. परत आला तर परत भाजीन."

त्या हसल्या आणि त्यांची शुद्ध गेली.

अध्यक्ष दवाखान्यात आले. पोलिसात जाऊ नका, पोराला पास करा, नाहीतर राजीनामा द्या, म्हणाले. बाईंनी सांगितलं, शेवंताच्याच वर्गात त्याचा एक पाठ परत घेते, तुम्हीही बसा, जमला तर पास करते. अध्यक्षांना वाटलं, बाई मऊ पडल्या.

दिलीपची भाजलेली पाठ आणि बाईंचा हात जरा सावरल्यावर तो पाठ झाला. बाईंना धरून मीच नेलं. मागं अध्यक्ष आणि सगळे शिकाऊ मास्तर बसले. पाठ चांगला चालला, खोटं कशाला बोलू. आवाज गोड, चित्रं रंगीत. शेवंता पुढंच होती, कानात कापूस. मग फळा पुसायला दिलीपनं डस्टर उचलला.

पोरीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि ती बाकाखाली शिरली. तिच्यामागं अख्खा वर्ग खाली वाकला. कुणी रडलं नाही, कुणी आवाज केला नाही. दिलीप डस्टर धरून तसाच उभा. अध्यक्ष त्या वाकलेल्या पाठींकडं बघत राहिले.

हात गळ्यात बांधलेल्या बाई उठल्या. "निकाल लागला," म्हणाल्या.

अध्यक्ष भाच्याला घेऊन निघून गेले. दिलीप सिमेंट विकायला लागला. वर्षाखेर संस्थेनं बाईंना काढलं, त्या नांदेडला भावाकडं गेल्या. पण त्या दिवशी मागं बसलेले शिकाऊ मास्तर गावोगाव नोकरीला लागले. पुढं मुरुडहून, पार बिलोलीहून हेडमास्तर आमच्याकडं यायचे, तुमचा न मारणारा मास्तर द्या म्हणायचे. अध्यक्ष भाषणात सांगायचे, ही आमच्या संस्थेची परंपरा आहे. बाईंचं नाव त्यात नसायचं.

बाई नांदेडला वारल्या, तेव्हाही कॉलेजला सुट्टी दिली नाही. मी कणीक तशीच टाकून सकाळची एसटी धरली. वसतिगृहात त्या दिवशी कोण काय जेवलं, ते मी आल्यावर विचारलं नाही.