मगदूम मास्तरांचं पोट

आमच्या साताऱ्याच्या हायस्कुलात मास्तर येत-जात राहिले, पण किस्से कुणी बरोबर नेले नाहीत. ते सगळे स्टाफरूममध्येच साचले. त्यातले निम्मे तर मगदूम मास्तरांच्या पोटाचेच.

मगदूम सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. गणित शिकवायचे. तरुणपणी त्यांच्या पोटात अशी आग पडायची, की फळ्यावरचं गणित अर्धं टाकून खिडकीशी जाऊन उभे राहत. वैद्यांच्या पुड्या झाल्या, डॉक्टरची बाटली झाली. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं: फळ खायचं ते नुसतं फळ, तेही रिकाम्या पोटी. दुधात केळं नाही, जेवणावर कलिंगड नाही. पावसाळा सरता सरता आग विझली. नियमाचा गुण की काळाचा, देव जाणे. पण मास्तरांनी नियम धरला तो धरलाच.

*

सासरवाडी जतजवळ. तिकडे आंबा म्हणजे अप्रूप. सासऱ्यांनी जावयासाठी मुद्दाम सांगलीच्या बाजारातून करंडी आणवली. पंगतीत रस-पोळी वाढली. मास्तरांनी पोळी आमटीशी खाल्ली आणि रसाची वाटी बाजूला सारून, ही सकाळी उठल्यावर घेईन म्हणाले.

म्हातारा तापला. "जावईबापू, रस-पोळी खाऊन आमच्यात कोण मेलं न्हाई."

"मामा, तुमचं पोट तुमचं हाय. हे पोट तुमच्या लेकीच्या नवऱ्याचं हाय. जरा जपू द्या."

सासरे कानडीत काहीतरी पुटपुटले. त्यांच्या लेकीनं, म्हणजे पद्मावहिनींनी, त्याचा अर्थ नवऱ्याला कधीच सांगितला नाही.

*

वहिनी वडिलांवरच गेलेल्या. लग्नानंतर काही दिवस त्यांनी नवऱ्याचा नियम निमूट पाळला. मग एका दुपारी वाडगाभर शिकरण केलं, दोन पोळ्या घेतल्या आणि मास्तरांच्या बरोबर समोर पाट मांडून जेवायला बसल्या. दुधात केळं घातल्यानं काय होतं ते मास्तर समजावू लागले.

"आवं, तुमी माझ्या बापाचं ऐकलं न्हाई. मग मी तुमचं का ऐकू?"

त्या दिवसापासून त्या घरात दोन तऱ्हेची ताटं वाढली जाऊ लागली. हे मास्तर स्वतः आम्हाला सांगायचे, आणि सांगताना खूश दिसायचे.

*

एकदा शाळा तपासायला साहेब आले. हेडमास्तरांनी मेजवानी ठेवली आणि सगळ्यांना आधीच बजावलं, की साहेबांना फ्रूट सॅलड फार आवडतं, वाटी कुणी परत करायची नाही. मगदुमांनी परत केली. साहेबांनी कारण विचारलं. मगदुमांनी दूध, केळं, संत्रं आणि पुरी एका पोटात गेल्यावर काय होतं ते सविस्तर सांगितलं, साहेबांचा घास तोंडात असताना.

साहेबांनी वाटी संपवली आणि मगदुमांच्या नावावर वाईट शेरा मारला. हेडमास्तर आठवडाभर धुमसत होते. मगदूम शांतपणे म्हणाले, "शेरा कागदावर राहील. फ्रूट सॅलड माझ्या पोटात राहिलं असतं."

*

बेचाळीस साली कचेरीवर मोर्चा गेला, त्यात मगदूम आणि मी दोघेही पकडले गेलो. तुरुंगातल्या भाकरीत अळ्या निघत. तक्रार केली की शिव्या मिळत. म्हणून आमच्या सगळ्या बराकीनं अन्न सोडलं.

मास्तरांचं पोट नाजूक, हे जेलरच्या कानावर गेलं होतं. एक माणूस फुटला की बाकीचे फुटतील, असा त्याचा हिशेब. एका सकाळी तो स्वतः ताट घेऊन आला. ताटात पुऱ्या, दूध आणि पिवळीधमक केळी. त्यानं ते बरोबर मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, तुम्ही आजारी माणूस, तुम्हाला कोण नावं ठेवणार?

उपाशी बराक बघत होती. मास्तरांचे डोळे खोल गेले होते. त्यांनी ताट जवळ ओढलं. दूध एका बाजूला केलं, पुऱ्या दुसऱ्या बाजूला केल्या. मधे नुसती केळी राहिली. जेलर हसला.

मास्तरांनी ताट तसंच उचलून त्याच्या हातात दिलं.

"साहेब, फळ एकटं खायचं असतं. माणसानं एकट्यानं खायचं नसतं."