मावशी आमेनसाठी थांबायच्या

रूथमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये होते. वॉर्डमधल्या सिस्टरला मी नुसतं "थँक यू" म्हटलं आणि माझा स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढे उतरले. त्याला आता दीड महिना झाला.

मावशी मूळच्या नगरच्या, निवृत्त नर्स, एकट्या. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून इकडे आले आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिले. मीही ख्रिस्ती, म्हणून दारातच "सलाम, बाळा!" झालं. त्यांच्या घरचा रिवाज असा, की जेवणाआधी एकाने प्रार्थना करायची आणि दुसऱ्याने आमेन म्हणायचं. आणि मावशींची प्रार्थना म्हणजे काय विचारता! नगरचा दुष्काळ, चर्चचं गळकं छप्पर, शेजारणीचं लंगडं मांजर... सगळे येऊन जायचे. भात पार गार. मी घाईने आमेन म्हटलं की एक डोळा उघडायच्या, "अगं थांब, माझं कुठे संपलंय?"

मग माझी आई गेली. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला दिलेला, जाता येईना. आईच्या मातीची प्रार्थना मी फोनवर ऐकली. त्या दिवशी मावशींनी वरण-भात वाढला, प्रार्थना केली आणि थांबल्या. मी ओठ घट्ट मिटून बसले. त्यानंतर कधीच आमेन म्हटलं नाही. मावशीही स्वतः म्हणायच्या नाहीत. थोडं थांबायच्या, मग मुकाट्याने चमचा उचलायच्या.

पुढच्या वर्षी मावशींना कॅन्सर निघाला आणि तो हाडांत उतरला. कूस बदलतानासुद्धा ओरडायच्या. तरी प्रार्थना चालूच. एकदा माझा तोल गेला. "अजून कसला विश्वास, मावशी? काय दिलं त्याने तुम्हाला?"

"अगं, मीही रागावते की! काल चांगली तासभर भांडले देवबापाशी. पण रागवायचं तर तोंडावर रागव, मुली. पाठ फिरवून कसलं भांडण?"

"आणि त्याने ऐकलंच नाही तर?"

"दुखणं राहिलंय खरं... पण तो उठून गेलेला नाही. तेवढं मला कळतं."

मला नाही पटलं. रागच आला त्यांचा.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत मी त्यांना दोन चमचे कस्टर्ड भरवायला बसले. आधी प्रार्थना, अर्थातच. आवाज फाटलेला, माझ्या आईचंही नाव घेतलं. मग थांबल्या. मला ते म्हणता आलं नाही हो... त्यांनी माझा हात थोपटला. "असू दे. मी थांबते."

गेल्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात एकटीपुरता वरण-भात केला. त्यांची खुर्ची समोर तशीच आहे. डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, "बापा, मी तुझ्यावर फार रागावलेय." मग आईचं सांगितलं, पासपोर्टचं सांगितलं, मावशींच्या हाडांचं सांगितलं. रडले, भांडले. मग थांबले. खुर्चीकडे बघितलं.

"आमेन," मी म्हटलं.

भात पार गार झाला होता.