बाईंच्या ओसरीवरची पाटी
माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकतं, वाचणाऱ्याने माफ करावं. आज जात्यावर तूर भरडताना वास उठला आणि धुळ्यातली बाईंची ओसरी आठवली. महारवाड्यातल्या आम्हा मुलींना त्या तिथं चौथी शिकवत. एकदा माझा हात हातात धरून त्यांनी पाटीवर ‘दलित’ गिरवून घेतलं. “म्हणजे भरडलेली माणसं. आम्हीच भरडलं गं तुम्हाला,” म्हणताना त्या रडल्या. मला त्या माझ्या मायसारख्या वाटल्या. पाटी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले, तर बाई माझा हात धरलेला आपला तोच हात गोमूत्रानं धूत होत्या. मला बघून म्हणाल्या, “देवपूजा राहिलीय गं.” घरी सगळं सांगितलं, तर माय हसली, “जातं कधी रडस का व पोरी?” मी पुन्हा त्या ओसरीवर गेले नाही. अक्षर तेव्हापासून असंच वाकडं राहिलं.