आत्याच्या अंगणातलं स्टेशन

रेल्वेवर माझ्या थोरल्या आत्याइतका हक्क खुद्द रेल्वेनेही कधी सांगितला नसेल. ऐंशीनंतरची काही वर्षं मी सौंसरला नोकरीला होतो. आत्याचं गाव तिथून छोट्या गाडीने जवळच, त्यामुळे रविवारी माझं जेवण तिच्याकडे ठरलेलं असे. गावाचं स्टेशन म्हणजे संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या रुळांच्या कडेला घातलेला मुरमाचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर आणि नावाची पाटी. ना मास्तर, ना तिकिटाची खिडकी, ना घंटा. रेल्वेचा एकही माणूस तिथे राहत नव्हता. आत्याचं घर मात्र ऐन समोर होतं, आणि ज्या जागेकडे कुणी बघत नाही तिच्याकडे आपण बघायचं, या साध्या हिशेबाने तिने ते स्टेशन आपल्या अंगणाला जोडून टाकलं होतं.

घरापुढे सडा घातला की उरलेला फलाटावर पडायचा. उन्हाळ्यात छपराबाहेर तिच्या कुरडया वाळत. एकदा इंजिनातले कोळशाचे कण त्यांच्यावर पडले, तेव्हा ती ड्रायव्हरशी असं काही बोलली की दुसऱ्या दिवसापासून तो इंजिन फलाटाच्या पार पुढे नेऊन उभं करू लागला. गाडीला येणाऱ्या प्रत्येकाने कुठे, कशाला आणि परत कधी, एवढं तिला सांगितल्याशिवाय डब्यात पाय ठेवायचा नाही. कुणाची सून रुसून माहेरी निघाली, तर आत्या तिला अडवत नसे. गाडीला वेळ आहे, चार घास खाऊन जा, म्हणून घरात न्यायची, आणि सकाळची गाडी जेवणात निघून जायची. संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्या सुनेचा राग उतरलेला असे आणि नवरा ओसरीवर येऊन बसलेला असे.

या साम्राज्याला धक्का दिला तो गाडीच्या गार्डाने. तिकिटं तोच द्यायचा, त्याच्या शेवटच्या डब्यातून. म्हणून आत्याचं सगळं गाव इंजिनाजवळच्या डब्यात चढायचं. एके दिवशी त्याने आत्याला सहज सांगितलं की इथून कुणी चढतच नाही असं वरच्या लोकांचं म्हणणं आहे, लवकरच गाडी इथे थांबायची बंद होणार.

"कोणी चढत नाही?" आत्या म्हणाली. "मंग हे रोज जाते थे काय भुतं होय?"

पण गार्ड काय म्हणतोय ते तिला पुरतं कळलं होतं: तिकीट फाटत नाही, म्हणजे कागदावर कुणी चढत नाही. दुसऱ्या दिवशी ती खराटा घेऊन पुढच्या डब्याच्या दारात उभी राहिली आणि अख्खं गाव मागे वळवलं. सरपंच मागे गेले. विहारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया मागे गेल्या. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, पुढच्याच स्टेशनला वांगी विकायला निघाले होते. तेही टोपली घेऊन मुकाट मागे गेले. आणि मग एका रविवारी, माझ्यादेखत, तिचे जावई आले.

माझी आतेबहीण छिंदवाड्याला दिलेली. जावई तिथे सरकारी कचेरीत कारकून, इस्त्रीच्या घडीसारखा ताठ माणूस. मुक्काम करून दोघं परत निघाली होती. जावई सवयीने पुढे चालू लागले.

"जवाईबापू, गार्डाचा डबा मांग हाये," आत्या म्हणाली.

आजवर आपल्याला कुणी तिकीट विचारलेलं नाही, असं ते हसत म्हणाले.

"आता मी इचारून राहिली ना."

जावयांनी डब्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं, तशी आत्याने त्यांची पिशवी धरली. गार्डाची शिट्टी झाली आणि गाडी पिशवीसकट जावयांना तिथेच सोडून निघून गेली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पुन्हा या गावात पाय ठेवणार नाही, एवढंच बोलून ते बायकोला घेऊन बसच्या रस्त्याकडे चालू लागले. आतेबहीण मागे वळून वळून बघत गेली.

महिने गेले, लेक आली नाही. मामाजी रोज म्हणत, जाऊन माफी माग. एकदा आत्या चुलीपुढून न उठता म्हणाली, "मागीन. चारचौघांत बोलली त्याची मागीन. तिकिटाची नाही मागणार." दुसऱ्या दिवशी पुन्हा खराटा घेऊन डब्याच्या दारात उभी.

संत्र्याची तोड सुरू होती तेव्हा एका रविवारी गाडी लांबूनच शिट्टी देत आली. थांबायच्या आधीच गार्ड ओरडून सांगत होता की स्टेशन कायम राहिलं, हुकूम आला. बागेतली माणसं टोपल्या टाकून धावली. कुणी डफ आणला, सरपंचांनी हार आणला. आत्याने तो ड्रायव्हरला घालायला लावला, कारण थांबतो तर तोच. एवढ्या गर्दीत शेवटच्या डब्यापाशी माझी आतेबहीण उतरली, आणि तिच्यामागून जावई.

सगळ्यांसमोर बोलल्याची माफी आत्याने सगळ्यांसमोरच मागितली. जावई खाली बघत राहिले.

"आई, तिकडे गाडीतले लोकं तुमचंच बोलते," ते म्हणाले. "आमच्या सायबानं इचारलं, त्या बाईचे जवाई तुमीच काय? म्या हाव म्हटलं. मंग घरी बसणं काही बरं दिसेना."

आत्याने त्या दिवशी पुरणपोळी केली आणि निम्म्या गावाला वाढली. इतकी ताठ चालताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

चार दिवस राहून लेक-जावई निघाले, तेव्हा मी रजा काढून तिथेच होतो. आत्याने लेकीला खिडकीजवळ बसवलं, मांडीवर संत्री ठेवली. गाडी बागांच्या आड गेली, धूरही विरला, तरी ती उभीच. मी घरी चल म्हटलं.

"भांडून भांडून गाडी ठेवली मी," ती म्हणाली, "अन् थेच माह्या पोरीले घेऊन गेली, पाह्य."

मामाजी छपराखाली बसले होते. ते म्हणाले, दिवाळीत हीच गाडी तिला घेऊन येईल.

रुळांकडे बघत आत्याने पदराने डोळे पुसले, आणि मग त्याच पदराने नावाच्या पाटीवरची धूळ पुसू लागली.