सुदामची कावड

सुदाम गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. पारनेरच्या मैदानावरून ती मीच घरी घेऊन गेलो. माझी धाकटी बहीण रखमा दारात बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, माझ्या मागं पाहिलं. लेक कुठं रेंगाळला म्हणून... मी काय बोललो ते मला आठवत नाही.

त्याला आता सव्वा महिना झाला. काष्टीच्या भानुदासनं घातलेल्या पकडीत छाती दबून सुदाम गेला, असं गाव म्हणतं, वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं. शोकसभेत मी अध्यक्ष होतो आणि तेव्हाही ते खोडून काढलं नाही. आज खरं काय झालं ते लिहायला बसलो आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावात हुतूतूचा संघ उभा केला. पोरं आता त्याला कबड्डी म्हणतात. सुदाम त्या संघाचा जीव. वय एकोणीस, अंगानं सडसडीत, पण दम असा की तो मधली रेघ ओलांडून गेला की त्याचा आवाज भुंग्यासारखा एका सुरात घुमत राहायचा आणि समोरचे गडी तो संपायची वाट बघून थकायचे. हा दम त्यानं कावडीवर कमावलेला. विहीर घरापासून लांब, ओढ्याकाठी. भरलेली कावड खांद्यावर घेऊन तो ओढ्यापासून दारापर्यंत एका दमात हुतूतू करत यायचा. रखमा चुलीपुढून न उठता म्हणायची, आलं पाणी.

यंदा फ्ल्यूची साथ आली आणि घरोघर माणसं आडवी झाली. सुदाम आठवडाभर तापानं फणफणला. मी त्याला पारनेरला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नळी लावून त्याची छाती बराच वेळ ऐकली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ताप उतरेल, पण हा ताप कधीकधी काळजाला धरतो, तरण्या पोरांच्यासुद्धा. महिनाभर कष्टाचं काम देऊ नका.

मी घरी जसंच्या तसं सांगितलं, कावड त्याच्या हाताला लागू देऊ नको असं रखमाला बजावलं, आणि घरानं ते शब्दशः पाळलं. बापानं औताला हात लावू दिला नाही. रखमानं कावड उंच खुंटीवर टांगली आणि स्वतः डोक्यावर हंडे वाहू लागली. पोराला बादलीसुद्धा उचलू देईना. ताप उतरल्यावर एकदा तिनं मला विचारलं, "दादा, आन् खेळायचं?"

"खेळ म्हंजी काय काम हाय का, रखमे?"

मी हे हसून म्हणालो. तीही हसली. शिकलेला भाऊ म्हणतोय, मग पुन्हा काय विचारायचं... पारनेरला एस.टी. जात होती. डॉक्टरांना विचारून येणं अवघड नव्हतं. पण महिना भरायच्या आतच पारनेरला सामने भरणार होते, काष्टीचा संघ येणार होता, आणि आमचे दोन गडी तापानं अंथरुणाला खिळलेले. सुदाम नसता तर संघ उतरलाच नसता. शर्यतीच्या बैलाला आधी काही दिवस जुवाला लावत नाहीत, तसं आम्ही त्याला जपलं. जपलं ते त्याच दिवसासाठी.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सरावात तो मध्येच खाली बसला. म्हणाला, "मामा, घाट चढल्यावानी हुतंय."

"खाटंवर लोळून म्हातारा झालास," मी म्हणालो. पोरं हसली. तो उठला, माती झटकली आणि पुन्हा रेघेकडं गेला. तो तसाच होता. कुणी हसलं की उठायचा.

सामन्यात मी रेघेलगत बसलो होतो. त्याची चढाई सुरू झाली. आवाज नेहमीसारखा घुमला आणि एकाएकी थांबला. सुदामचा दम कधी असा तुटला नव्हता. कुणी त्याला शिवलेलं नव्हतं. तो उभा राहिला, हात छातीकडं गेला, गुडघे वाकले. तेव्हा कुठं भानुदास पुढं झेपावला. लोकांना ती पकड दिसली. मी जवळून पाहिलं ते असं की, सुदाम कोसळतच होता. भानुदासच्या हातात तो आयता आला. त्या पोरानं त्याला हळूच खाली ठेवलं आणि पाण्यासाठी ओरडत सुटला.

तेराव्याला भानुदास बापाबरोबर आला होता. मांडवाबाहेर दोघं उन्हात उभे. कुणी या म्हटलं नाही, कुणी तांब्या पुढं केला नाही. मी मांडवातच बसलो होतो. माझ्या एका शब्दानं ते दोघं आत आले असते... ते परत गेले. भानुदासनं खेळ सोडला, तो घराबाहेर पडत नाही, असं ऐकतो. त्याच्या हातून काही झालेलं नाही. पारनेरच्या डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं. ते मी अर्धंच समजून घेतलं, आणि उरलेलं विचारलं नाही.

हे लिहून सुदामचं काही होणार नाही, हे मला कळतं. रखमाला मी परवा सगळं सांगितलं. ऐकून ती उठली. हंडे घेऊन पाण्याला निघाली. मान खाली गेलेली, पाऊल अडखळणारं. मी खुंटीकडं हात केला, कावड काढतो म्हणालो, पाणी मी आणतो.

तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. त्याच्या हाताला लागू देऊ नको म्हनला हुता तुमी."